विण्याआधीचे चार दिवस

गाभण मादी तोंडात गवताचा जुडगा आडवा धरून पिंजऱ्यात फिरायला लागली की ससे पाळणारी माणसं हातातलं काम बाजूला ठेवतात. काड्या गालांच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर आलेल्या असतात. ती त्या खात नाही. एका कोपऱ्यात नेऊन टाकते, परत येते, दुसरा जुडगा उचलते. कधी आधी नेलेलाच उचलून भलत्याच कोपऱ्यात नेते. पिंजऱ्यात घरट्याची पेटी नसेल तर हे तासन्‌तास चालतं आणि बघवत नाही. तिला काय करायचंय ते तिला पक्कं ठाऊक असतं, फक्त ते करायला जागा नसते.

पाळीव सशांची जी पिल्लं दगावतात, त्यातली बहुतेक पहिल्या आठवड्यात दगावतात. आणि त्या आठवड्यात पिल्लाला आजारापेक्षा थंडी, ओल आणि उघडेपणा जास्त छळतो. म्हणजे गोष्ट फिरून घरट्यावरच येते. तरीही घरट्याचा विचार सगळ्यात शेवटी होतो. खुराक, जात, पिंजऱ्याची जाळी, लसूणघासाचा भाव यावर माणसं भरभरून बोलतात आणि पेटी मात्र मादी घरट्यासाठी स्वतःचे केस उपटायला लागल्यावर शोधतात. तोवर उशीर झालेला असतो.

घरट्याला एवढं महत्त्व का, हे समजायला पिल्लाकडे बघावं. चार किलोच्या मादीचं पिल्लू जन्मतं तेव्हा साधारण ५० ते ६० ग्रॅमचं असतं. अंगावर केस नाहीत, डोळे मिटलेले, कान बंद. त्वचा इतकी पातळ की पोटातलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. खांद्यांमधल्या तपकिरी चरबीतून ते थोडी ऊब निर्माण करतं, पण उघड्यावर ती पुरत नाही. त्याला भोवताली सुमारे ३५ अंश सेल्सिअस लागतं. पुण्या-नाशकात डिसेंबरच्या पहाटे १० अंश असतात. हे अंतर भरून काढायचं कोणी? कोंबडी अंड्यांवर बसते, कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते. सशाची मादी यातलं काहीच करत नाही.

ती दिवसातून एकदा येते. झॅरो, डेनेनबर्ग आणि अँडरसन या अमेरिकी संशोधकांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे मांडलं आणि नंतरच्या निरीक्षणांतून तेच पुन्हा पुन्हा दिसत आलं. चोवीस तासांत साधारण एक फेरी, तीही तीन-चार मिनिटांची. ती पिल्लांच्या वर उभी राहते, पिल्लं उताणी होऊन सडांना लागतात, एका सडावरून दुसऱ्यावर उड्या मारत पोट भरतात आणि ती निघून जाते. दूध घट्ट असतं आणि चरबीनं भरलेलं, त्यामुळे एवढ्यावर भागतं. उरलेले तेवीस तास आणि काही मिनिटं आईची सगळी कामं घरटं करतं. ऊब देणं, झाकणं, कोरडं ठेवणं, लपवणं, सगळं. म्हणून ही मादी आई म्हणून जे करायचं त्यातला मोठा भाग पिल्लं जन्मायच्या आधीच करून ठेवते. नंतर ती दूर राहते, आणि तेही पिल्लांसाठीच. तिचा वास, तिची ये-जा जेवढी कमी, तेवढी मुंगसा-कोल्ह्याला बिळाची चाहूल कमी.

आपल्याकडच्या माळरानावरचा ससा यात बसत नाही. तो वेगळा प्राणी. मानेवर काळा डाग असलेला तो रानससा बीळ खणत नाही, त्याची पिल्लं केसांसकट आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात आणि गवताच्या खळग्यात गप्प पडून राहतात. त्यांना घरटं लागत नाही. पिंजऱ्यातले न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट हे सगळे स्पेन-पोर्तुगालकडच्या बीळ करणाऱ्या युरोपीय सशाचे वंशज आहेत. त्या रानटी पूर्वजाची मादी विण्यासाठी बऱ्याचदा वेगळं, आंधळं बीळ खणते. साधारण मीटरभर लांब, एकच तोंड, शेवटी घरटं. दूध पाजून बाहेर आली की ती मातीनं तोंड बुजवते. दुसऱ्या रात्री उकरते, पाजते, परत बुजवते. आपण जी लाकडी पेटी ठेवतो ती या बिळाची जागा घेते. हे लक्षात ठेवलं की पेटीबद्दलचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ती अंधारी हवी, अंगाला बसेल अशी घट्ट हवी, कोरडी हवी, आणि तिच्या आत-बाहेरचा फरक मादीला कळायला हवा.

मादीचा गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा, बहुतेकदा ३१. या शेवटच्या आठवड्यात तीन कामं एका ठरलेल्या क्रमानं होतात. आधी उकरणं, मग काडी-गवत वाहणं, शेवटी केस उपटणं. मेक्सिकोतल्या त्लाश्काला इथे संशोधक गाब्रिएला गोन्झालेझ-मारिस्काल यांनी हा क्रम वर्षानुवर्षं अभ्यासला. अंडाशय काढलेल्या माद्यांना बाहेरून हार्मोन दिले, तर त्यांच्यातही ही कामं होतात, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झालं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही चढे असताना मादी उकरते. विण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन उतरतं तशी ती गवत उचलायला लागते. प्रोलॅक्टिन वाढतं आणि केस उपटणं सुरू होतं. त्याच काळात छातीपोटाचे केस मुळातून सैल होतात, म्हणून उपटताना तिला इजा होत नाही. इथे ‘सवय लावू’, ‘शिकवू’ याला जागा नाही. पहिलटकरणीलाही हे येतं. तिच्याकडून चुकतं ते बहुतेकदा वेळेचं, क्वचित जागेचं.

म्हणून पहिली गोष्ट तारीख. नर दाखवल्याची तारीख पिंजऱ्यावर खडूनं किंवा वहीत लिहिलेली हवी. अंदाजानं चालत नाही. १२ ते १४ दिवसांच्या दरम्यान जाणकार हात पोटाखालून हलकेच चाचपून गाभणपण सांगू शकतो. बोराएवढ्या गोल, निसटत्या गाठी लागतात. लेंड्याही हाताला गोल लागतात, पण त्या कडक असतात आणि दाबल्या तर निसटत नाहीत. त्यानंतर पोट दाबत बसू नये. आणि तारीख हाताशी असली की आणखी एक गोष्ट उलगडते. मादी नर लागल्यापासून १६ ते १८ दिवसांनी केस उपटून घरटं करू लागली, तर ती खोटी गाभण आहे. सशाची मादी संभोगाच्या चेतनेनंच अंडं सोडते. वांझ नर लागला, किंवा एका पिंजऱ्यातली दुसरी मादी अंगावर चढली, तरी तिचं शरीर गाभणपण सुरू करतं, आणि अडीच आठवड्यांनी तो डाव मोडतो. प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि घरटं सुरू होतं. अशा मादीला औषध लागत नाही. घरटं काढून घ्यावं आणि थोड्या दिवसांनी पुन्हा नर दाखवावा.

पेटी २७ किंवा २८ व्या दिवशी ठेवावी. यावर मी ठाम आहे, कारण दोन्हीकडच्या चुका महागात पडतात. २० व्या दिवशी ठेवली तर ती पेटी विश्रांतीची जागा आणि शौचकूप होते. त्यात मुतून भिजलेल्या गादीवर ३१ व्या दिवशी उघडी पिल्लं पडतात. ३० व्या दिवशी ठेवली तर काही माद्यांनी तोवर जाळीचा एखादा कोपरा ‘घरटं’ म्हणून मनाशी ठरवलेला असतो आणि समोर सुंदर पेटी असूनही त्या जाळीवरच वितात.

जागेचंही तसंच. ससा मुतायला एक कोपरा धरतो आणि बहुतेकदा तो सोडत नाही. पेटी त्या कोपऱ्यात कधीही ठेवू नये. समोरच्या कोपऱ्यात ठेवावी. इतकी साधी गोष्ट, पण भिजलेल्या घरट्यांचं मोठं कारण हेच असतं. मादीनं पेटीत पहिल्याच दिवशी घाण केली तर पेटी हलवावी, आतली गादी पूर्ण बदलावी, आणि जिथे पेटी होती तिथे तिच्या लेंड्या टाकाव्यात म्हणजे कोपरा तिला परत मिळतो.

मापाचं सांगायचं तर चार किलोच्या मादीला ४५ सेंटिमीटर लांब, २५ ते ३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच पेटी पुरते. पुढच्या बाजूला उंबरा १५ सेंटिमीटरचा. मादीला आत शिरून वळता आलं पाहिजे, पण आडवं पसरून लोळता येऊ नये. मोठी पेटी म्हणजे पिल्लांची गादी पसरते, पिल्लं एकमेकांपासून लांब जातात आणि थंड पडतात. फार लहान पेटीत मादी उडी मारून पिल्लांच्या अंगावर उतरते. उंबरा दुसऱ्या कारणासाठी लागतो. मादी दूध पाजून झटक्यात बाहेर उडी मारते तेव्हा एखादं पिल्लू सडाला लटकलेलं असतं. उंबऱ्यावर घासून ते आतच गळून पडतं. उंबरा नसेल तर ते जाळीवर येऊन पडतं, आणि सशाची आई बाहेर पडलेल्या पिल्लाला उचलून आत नेत नाही. मांजरीसारखं मानगुटीला धरून नेणं तिच्या स्वभावात नाही. बिळात त्याची गरजच पडत नसे, तिथून पिल्लू कुठे जाणार?

पेटी १२ मिलिमीटर प्लायवुडची उत्तम. भुसा दाबून केलेल्या स्वस्त बोर्डाच्या पेट्या मुतानं फुगतात. तळाला ६ ते ८ मिलिमीटरची डझनभर भोकं पाडावीत. आंब्याची लाकडी पेटी वापरायची असेल तर खिळे आतून ठोकून सपाट करावेत आणि फळ्यांमधल्या फटी बंद कराव्यात, कारण नवजात पिल्लाचा पाय फटीत अडकला की तो मोडतो. वर अर्ध्या भागावर झाकण असावं. पूर्ण उघडी पेटी मादीला उजेडात विण्यासारखी वाटते.

तळाला रंध्याच्या ढलप्या, साधारण पाच सेंटिमीटर, हिवाळ्यात आठ. करवतीचा बारीक भुसा नको, तो नाकपुड्यांत आणि बेंबीला चिकटतो. पॉलिश किंवा वाळवीचं औषध लावलेल्या लाकडाच्या ढलप्याही नकोत. सुताराकडून आणताना हे विचारून घ्यावं. त्यावर सुकं गवत, आणि गवताच्या निवडीवर पुढचं बरंच अवलंबून असतं. वाळलेला मारवेल किंवा पवन्या मिळाला तर दुसरं काही बघू नये. काडी मऊ, लवचीक, एकमेकांत गुंतणारी. गव्हाचं काड कोरडं राहतं पण जरा घसरतं. भाताचा पेंढा चालतो, मात्र पावसाळ्यात राहिलेला पेंढा नाकाला लावून बघावा. बुरशीचा जरासा वास आला तरी तो जनावरांच्या गव्हाणीतही जाऊ नये, घरट्यात तर नाहीच. ज्वारीचा कडबा घरट्याला निरुपयोगी, ताठ धांडे पिल्लांना टोचतात आणि त्यात खळगा बसत नाही. कुसळी गवताचा एक तंतूही येऊ देऊ नये. त्याची कुसळं ओल लागली की वळतात आणि आत शिरत जातात. मिटल्या पापण्यांच्या पिल्लाला ती काय करतील हे सांगायला नको.

आता एक गोष्ट जी जीव लावून काम करणारी माणसंच चुकतात. गवत पेटीत ठासून भरून, मध्ये हातानं छान वाटी करून देतात. तसं करू नये. पेटी अर्ध्याहून थोडी जास्त भरावी आणि दोन-तीन मोठे मुठके गवत बाहेर, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवावं. ते वाहून नेणं हा तिच्या कामाचाच भाग आहे. ती नेते, नाकानं ढकलते, पुढच्या पायांनी मागे सारते, मध्ये शिरून अंग फिरवते आणि बहुतेकदा पेटीच्या मागच्या टोकाला खोल खळगा करते. त्या खळग्याची खोली, त्याची बाजू, त्याचं तोंड ती ठरवते. आपण केलेली वाटी ती उसकटून टाकते, आणि पहिलटकरीण असेल तर कधी नुसतीच गोंधळते. गवत जास्त दिलेलं बरं. उरलेलं ती खाते, त्यात नुकसान काही नाही.

केसांचं काम विण्याच्या आधी काही तास ते अगदी विण्याच्या वेळेपर्यंत चालतं. गळ्याखालची घडी, छाती, पोट, मांड्यांची आतली बाजू, सगळीकडून ती तोंडानं पुंजके ओढते आणि खळग्यात रचते. यानं दोन गोष्टी साधतात. आठ ते दहा सड उघडे पडतात आणि पिल्लांना शोधणं सोपं जातं. आणि गवताच्या वाटीत हवा धरून ठेवणारा मऊ थर तयार होतो. सशाच्या आतल्या लोकरीचे तंतू बारीक आणि आखूड असतात. कोरडे असेपर्यंत ते फुगलेले राहतात. ओले झाले की चिकटून बसतात, थर बसतो आणि ऊब जाते. म्हणून घरट्यात ओल ही थंडीपेक्षा वाईट. पिल्लांवर चार बोटं केसांचा थर असला की थंडीच्या पहाटेही आत हात घातल्यावर ऊब लागते.

मादीनं केस उपटलेच नाहीत किंवा कमी उपटले, तर घाबरू नये. काही माद्या, विशेषतः पहिल्या खेपेच्या, विल्यानंतर उपटतात. पिल्लं आली आणि केस नाहीत असं दिसलं, तर मादीला मांडीवर उताणं घेऊन छातीपोटाचे केस चिमटीनं ओढावेत. सैल झालेले असतील तर सहज हातात येतात. दोन-तीन मुठी पुरतात. जोर लावावा लागला तर थांबावं. आणि प्रत्येक वेताला उरलेले स्वच्छ, कोरडे केस उन्हात वाळवून कापडी पिशवीत भरून ठेवावेत. ज्यांच्याकडे चार माद्या आहेत त्यांच्याकडे अशी एक पिशवी असायलाच हवी. दुसऱ्या मादीचे केस पिल्लांना चालतात.

केसांऐवजी कापूस मात्र ठेवू नये. औषधाच्या दुकानातल्या कापसाचे लांब तंतू पिल्लाच्या पायाभोवती, कधी मानेभोवती गुंडाळतात, पिल्लं वळवळतात तसा फास घट्ट होतो आणि पाय काळा पडतो. गोणपाटाचे सुतळीचे धागेही तेच करतात. अंगोरा सशाची लांब लोकर वापरायचीच तर कात्रीनं दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून.

इथवर जे लिहिलं ते थंड किंवा मध्यम हवेचं आहे, आणि सशांवरचे बरेच सल्ले तसल्याच हवेतून आलेले असतात. युरोपातून येतात, नाहीतर आपल्या देशातल्या डोंगराळ केंद्रांतून. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं मन्नवनूरचं केंद्र कोडाईकनालच्या डोंगरात आहे. तिथली हवा आणि अकोल्याचा मे महिना यांची तुलनाच होत नाही. सशाला ३० अंशांच्या पुढे त्रास सुरू होतो, आणि विदर्भात उन्हाळ्यात पारा ४२-४५ ला जातो. मादीला मात्र तापमान बघून केस कमी उपटायचं फारसं कळत नाही. ती तेवढंच उबदार घरटं करते. मग पिल्लं थराच्या वर येऊन अंग ताणून, एकमेकांपासून लांब पडलेली दिसतात. कातडी लालसर, श्वास भरभर. अशा वेळी वरचे केस काढून पिशवीत ठेवावेत आणि रात्री गार पडलं तर परत घालावेत. तळाला लाकडाऐवजी सहा मिलिमीटरची बारीक जाळी असलेली पेटी उन्हाळ्यात उपयोगी पडते. ओलं गोणपाट पिंजऱ्याच्या बाजूला लावावं, पेटीवर नाही, थेंब आत जातात. खरा उपाय मात्र एप्रिल-मेमध्ये वेत येणार नाही अशा बेतानं नर दाखवणं हाच.

किंवा जमिनीत जाणं. इटलीत व्हितेर्बो इथल्या तुशिया विद्यापीठाचे अलेस्सांद्रो फिन्झी यांनी उष्ण देशांसाठी जमिनीखालच्या कोठ्यांची पद्धत मांडली. बाहेर पिंजरा, जमिनीत पुरलेली कोठी आणि दोन्हींना जोडणारी नळी. वर उन्हाचा कडाका असला तरी मातीत खाली गारवा टिकतो, आणि मादीला तिचं बीळ मिळतं. मराठवाड्या-विदर्भात परसात चार-पाच माद्या ठेवणाऱ्यांनी ही पद्धत गंभीरपणे घ्यावी असं मला मनापासून वाटतं. पाण्याचा निचरा आणि वरून उघडता येणारं झाकण, एवढं मात्र चोख हवं, नाहीतर जूनच्या पहिल्या पावसात कोठीत पाणी भरेल.

विण्याच्या आदल्या दिवशी मादीचं खाणं उतरतं. ते स्वाभाविक आहे. सुकं गवत समोर असू द्यावं, खुराकाचा आग्रह धरू नये. पाणी मात्र क्षणभरही संपू देऊ नये. तहानलेली मादी वीत असताना वार खाते तशी पिल्लांनाही चावते, हे अनेक पाळणाऱ्यांनी पाहिलेलं आहे. पाणी प्यायच्या निपलची नळी तुंबलेली नाही ना, हे ३० व्या दिवशी बोटानं दाबून बघावं. शिवाय एक वाडगं भरून ठेवावं.

वीण बहुतेकदा रात्री किंवा पहाटे होते आणि अर्ध्या तासाच्या आत आटोपते. सहा-आठ पिल्लं येतात, आई चाटते, वार खाते, पाजते आणि बाहेर येऊन बसते. सकाळी ती शांतपणे गवत खात बसलेली असते. घरात प्रथमच ससे आणलेल्या माणसाला वाटतं हिनं पिल्लं टाकली. मग तो मादीला उचलून पेटीत कोंडतो. ती घाबरून आत उड्या मारते आणि पिल्लं चिरडतात. हे सगळं न केलं तर काहीच बिघडलेलं नसतं.

पहिल्या दिवशी एकदाच घरटं तपासावं. मादीला मूठभर हिरवं देऊन गुंतवावं, हात धुवावेत, तिच्या पाठीवरून फिरवावेत आणि केस बाजूला करून पिल्लं मोजावीत. मेलेलं पिल्लू, वारेचे तुकडे, भिजलेलं गवत काढावं. प्रत्येक पोट गोल आणि टणक आहे का बघावं. सुरकुतलेली कातडी म्हणजे दूध मिळालेलं नाही. मग केस होते तसे परत झाकावेत. माणसाचा हात लागला की आई पिल्लं सोडते, हा समज पाळीव सशांना लागू नाही. पण दिवसातून पाच वेळा पेटी उघडणं हे मात्र नक्की घातक. दर उघडण्याला ऊब जाते आणि मादीचं लक्ष पेटीकडे खिळतं.

जाळीवर पडलेलं, थंडगार, हालचाल बंद झालेलं पिल्लू मेलं असं लगेच धरू नये. मान वर धरून अंग कोमट पाण्यात, ३८ ते ४० अंशांच्या, काही मिनिटं ठेवावं, नीट कोरडं करावं, हातांत ऊब द्यावी. गुलाबी झालं, तोंड उघडलं की भावंडांच्या मध्ये सोडावं. एकट्या पिल्लाला घरटं पुरत नाही. पिल्लं एकमेकांना चिकटून ढीग करतात, कडेची आत घुसतात, आतली बाहेर सरकतात, आणि अशानं सगळ्यांची शक्ती वाचते. म्हणूनच दोन माद्यांना एकाच दिवशी नर दाखवण्याची पद्धत फार शहाणपणाची. एकीला दोन पिल्लं आणि दुसरीला अकरा आली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत वाटून देता येतात. सारख्या वयाची, सारख्या अंगाची पिल्लं मादी सहसा मुकाट्यानं पाजते.

दोन गोष्टी बघून माणसं विनाकारण हस्तक्षेप करतात. एक, आई यायच्या वेळेच्या तास-दीड तास आधी पिल्लं केसांतून वर येतात, उघडी पडतात आणि चुळबुळतात. रॉबिन हडसन आणि हान्स डिस्टेल यांनी १९८२ मध्ये घरट्यातल्या पिल्लांचं वागणं बारकाईनं नोंदवलं, त्यात हे आलं. पिल्लांना आईची वेळ कळते. पाजून झालं की ती मुततात आणि पुन्हा खाली शिरतात. तेव्हा ठरावीक वेळी उघडी दिसणारी पिल्लं म्हणजे घरटं बिघडलं असं नाही. दुसरी, आई पाजून जाताना घरट्यात चार कोरड्या लेंड्या टाकते. आठ-दहा दिवसांची पिल्लं त्या कुरतडतात आणि त्यांच्या आतड्यात आईकडचे जंतू बसतात. त्या लेंड्या काढू नयेत. ढीग असेल, ओला असेल, तर वेगळं, ते शौचकूप झालंय.

आणि आवाज. फटाके, ढोल, कुत्र्याचं अंगावर धावून येणं. घाबरलेली मादी जिवाच्या आकांतानं पेटीत शिरते आणि मागच्या पायांनी आपटत राहते, कारण रानात धोका आला की ससा असाच पाय आपटतो. दिवाळीच्या आसपास वेत येणार नाही याचा हिशेब नर दाखवतानाच करावा. एकतीस दिवस मागे मोजायचे आणि पिल्लांचा पहिला आठवडाही त्यात धरायचा. मुंग्यांसाठी पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. लाल मुंग्यांची रांग एकदा घरट्यात लागली की रात्रीत वेत संपतं.

३२ वा दिवस उलटला, घरटं तयार आहे आणि पिल्लं नाहीत, तर ३३ व्या दिवशी पशुवैद्याला बोलवावं. एक-दोनच मोठी पिल्लं असली की असं होतं. मादी सुस्त असेल, खात नसेल, तर एवढंही थांबू नये.

डोळे १० ते १२ व्या दिवशी उघडतात. बाराव्या दिवशीही एखाद्याचे मिटलेले असले, चिकट असले, तर उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्यानं पुसून हलकेच उघडावेत, आणि त्याच दिवशी सगळी गादी बदलावी. दोष बहुतेक वेळा ओल्या गादीतल्या अमोनियाचा आणि जंतूंचा असतो. जुन्या गादीतले कोरडे केस मात्र वेगळे काढून नव्या गवतावर परत घालावेत. पंधराव्या दिवसानंतर पिल्लं उंबरा ओलांडायला लागतात. उन्हाळ्यात तेव्हाच पेटी काढावी, हिवाळ्यात १८ ते २१ दिवस राहू द्यावी. काढलेली पेटी खरवडून धुवावी, चुन्याची निवळी फिरवावी, फिनाइल नको, त्याचा वास लाकडात मुरतो. दोन दिवस कडक उन्हात उलटी वाळवावी आणि पुढच्या मादीच्या तारखेची चिठ्ठी तिलाच चिकटवून ठेवावी.